सात वाव

बारा वर्षांचा असताना जोसाया पेनहॅलोनं
शिशाचा ओळंबा पहिल्यांदा पाण्यात सोडला,
ओल्या दोरीवरची कातड्याची खूण चाचपली
आणि ओरडला : सात वाव!
वर कुणीतरी ते वहीत लिहिलं.
आपण बोलतो ते लिहिलं जातं,
ही गोडी त्याला तिथंच लागली.

पुढचं सगळं सरकारी कागदांत आहे.
लेफ्टनंट, कॅप्टन, दोन पदकं.
डाव्या हाताची दोन बोटं एका तोफेनं नेली.
बायको कॉर्नवॉलमध्ये गेली; पत्र पोचेतो
थडग्यावरचं गवत दोनदा कापून झालं होतं.
आमच्या बेटाभोवतीचा खडक त्यानं सतरा दिवस मोजला
आणि नकाशावर त्याला स्वतःचं नाव दिलं.
आम्ही त्याला म्हातारीचे दात म्हणतो.
तेव्हाही म्हणत होतो.

मग ते पोर्तुगीज गलबत.
त्यानं पाठलाग करून पकडलं, फळी उघडायला लावली,
आणि आतल्या वासानं कठड्याला धरून ओकला.
हे मी लपवणार नाही.
स्वतःच्या हातानं त्यानं एका पोरीला पाणी पाजलं,
हेही खरं.
आणि वाचवलेल्या माणसामागे
डोई पाच पौंड बक्षीस मिळालं, तेही खरं;
वाटेत मेलेल्यांचे निम्मे.

ती पोर अकोसुआ. वहीत लिहिलं : सुझन. मुक्त.
मुक्त म्हणून चौदा वर्षं उसाच्या मळ्यात, करारानं.
माझ्या आजीची आजी.

तो गव्हर्नर होऊन परत आला तेव्हा
बेट त्याला जहाजासारखंच दिसलं असावं.
दर अर्ध्या तासाला घंटा.
दगडी कुंपणांना चुना, नारळाच्या बुंध्यांनाही.
अंगणात एका बुडालेल्या जहाजाची डोलकाठी
आणि तिच्यावर निशाण.
पलंग हलत नाही म्हणून झोप येईना,
तेव्हा झोळणा टांगला, आणि वारा पडला की
दोरी ओढायला माणूस.
ते माणूस म्हणजे अकोसुआ.

रात्रभर ती झोका द्यायची
त्या माणसाला, ज्यानं तिला मोजून वर काढलं होतं.
ओढताना मनात मोजायची. काय, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.
आजी म्हणायची, श्वास.
आईचं म्हणणं, वर्षं.

होड्यांवर कर बसला त्या साली
कोळी धक्क्यावर जमले, रिकामी जाळी खांद्यावर टाकून.
कुणी दगड उचलला नव्हता.
पण जहाजावर न विचारता जमणं म्हणजे बंड;
त्याला हे एकच व्याकरण येत होतं.
नऊ माणसं. एक तेरा वर्षांचा.
लंडनला गेलेल्या पत्रात दोन वाक्यं :
बेटावर शांतता आहे. ऊस यंदा बरा आहे.

त्याला 'सर' मिळालं. जायचा दिवस आला.
वाट दाखवायला गलबतावर आमचा क्वामिना टोबिन.
म्हातारीच्या दातांपाशी तो म्हणाला, इथून नको, साहेब.
पेनहॅलोनं नकाशा पसरला :
चार वाव पाणी आहे. मी स्वतः मोजलंय.
क्वामिना म्हणाला, तीस वर्षांपूर्वी.
हसला नाही. प्रवाळ वाढतं,
हे त्याच्याकडे पोरंसोरंही जाणून होती.

सुकाणू नकाशाप्रमाणे वळलं.
मग खालून एक आवाज आला,
तव्यावर उलथणं घासल्यासारखा, लांबलचक.
जहाज फुटलं नाही. एवढंच.
चहाच्या पेल्यातून थोडा चहा सांडला.

म्हातारा कठड्यावर ओणवा झाला
आणि नाळेवर ओळंबा धरून उभ्या असलेल्या पोराला
स्वतःच विचारलं : किती?
पोरानं ओली दोरी चाचपली
आणि ओरडून सांगितलं, आमच्या बोलीत.
वहीवाल्यानं लेखणी उचलली,
जरा वेळ तशीच धरली,
खाली ठेवली.